अकरा मणी

"सहा महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, काका. गल्लीतल्या गल्लीतसुद्धा नाही."

पुण्याचे ते डॉक्टर वयाने आमच्या मुलाएवढे असतील, पण बोलणं असं की समोरच्याने ऐकावंच. हे खुर्चीत ताठ बसून टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मग डॉक्टरांनी माझ्याकडे वळून समजावलं. ही फिटच आहे, फक्त हातपाय झाडण्याची नाही. माणूस बसल्याजागी अर्धा मिनिट निघून जातो आणि परत येतो. आपण गेलो होतो हे त्याचं त्याला कळतसुद्धा नाही, बघणाऱ्यालाच कळतं. गोळ्या चालू ठेवायच्या. सहा महिन्यांत एकदाही असं झालं नाही, तर मग गाडीचं बघू.

बघणारी मी एकटीच होते. कार्तिकात एकदा जेवताना पहिल्यांदा पाहिलं. घास हातात, नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर, ओठ काही चघळल्यासारखे हलताहेत. हाक मारली तर ओ नाही. आणि मग एकदम, "आमटीला मीठ कमी पडलंय," म्हणून घास तोंडात. त्यानंतर चार वेळा पाहिलं, तेव्हा कुठे पुण्याला जायला तयार झाले.

स्वारगेटला साताऱ्याच्या एसटीची वाट बघताना यांनी माझ्याकडून शब्द घेतला. कुणाला सांगायचं नाही. मुलाला नाही, शेजारीपाजारी नाही, क्लबात तर मुळीच नाही. मी म्हटलं, नाही सांगणार, पण तुम्ही गाडी चालवायची नाही. "बरं," म्हणाले. आणि दोन महिने ते पाळलंही.

आमचा क्लब म्हणजे साताऱ्यातल्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा. सतरा गाड्या होत्या तेव्हा. यांची चौसष्ट सालची राखाडी फियाट, आणि हे अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, हे फियाटखाली जाऊन झोपायचे. दर तीन महिन्यांनी रविवारी सकाळी गाड्यांची फेरी निघायची आणि फेरीच्या शेवटी सगळ्या घरांचं मिळून खाणं. क्लबाचा सेक्रेटरी उदयन शिर्के त्याला ब्रंच म्हणायचा. उशिरा झालेल्या नाश्त्याला एवढं कौतुकाचं नाव कशाला, असं मला वाटायचं, पण बोलले नाही कधी.

ब्रंचला एक नियम होता, आणि तो या लोकांनाच लागावा असा. एका वर्षी खाण्याचं सगळं सामान ज्याच्या डिकीत होतं, त्याचीच गाडी ठोसेघरच्या रस्त्यावर बंद पडली. सोळाच्या सोळा गाड्या थांबल्या. सगळे पुरुष बॉनेटमध्ये डोकी घालून उभे. मुलं भुकेने रडत होती, बायका झाडाखाली बसल्या होत्या, आणि डिकी उघडून पातेली बाहेर काढावीत हे दुपारी तीनपर्यंत एकालाही सुचलं नाही. तेव्हापासून ठरलं, ज्याच्याकडे ब्रंच त्याची गाडी त्या दिवशी उभी. दारात धुऊनपुसून, हार घालून ठेवायची. बाकीच्यांनी फेरी मारून यायचं, गाडी बघायची, मग पानावर बसायचं. आणि "माझ्याकडे" असं जो म्हणेल त्याला नाही म्हणायचं नाही.

आमच्याकडे मात्र कधी झालं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण येत नाही, अंड्याचं तर नावच नको. कुणी कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही कुणाला बोलावलं नव्हतं.

माघातल्या त्या रविवारी सकाळी आठ वाजता बैठक बसली ती मात्र आमच्या पुढच्या खोलीत. उदयन आणि मुजावर, दोघंच आले होते. मुजावर म्हणजे पोवई नाक्याजवळच्या गॅरेजचे. यांचे तीस वर्षांचे स्नेही, मला वहिनी म्हणायचे. दहाला गॅरेज उघडायचं म्हणून बैठक लवकर. आणि ती वेळ माझ्या मौनाची. आंघोळ झाल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. तेव्हा त्या नेमाला अकरा वर्षं झाली होती. तेरा माळा, पोथीचा अध्याय, पूजा, मग तोंड उघडायचं. दोघांनाही ते माहीत होतं. आले की मला नुसता नमस्कार करायचे, मी मान हलवायची, चहाचा ट्रे आधीच भरून ठेवलेला असायचा.

देवघर पुढच्या खोलीला लागूनच. मी गोमुखीत हात घालून बसले होते. दार उघडं होतं आणि हे मला समोरच दिसत होते. टेबलावर कागद, हातात पेन, डोळ्यांवर वाचायचा चष्मा.

दोन महिने यांनी गाडी न काढण्याला एक सबब सांगितली होती, कार्बोरेटर बसत नाही अशी. मुजावरांनी आल्याआल्या तीच मोडून काढली. परवा हे बाजारात गेले असताना ते येऊन गेले होते, मीच फाटक उघडून दिलं होतं. कार्बोरेटर काढून, धुऊन, बसवून गेले. यांना सांगायचं नाही, आनंद द्यायचाय, असं मला बजावलं होतं. मला त्यातलं काय कळणार.

"आता हरणासारखी पळेल, अण्णा," मुजावर म्हणाले. "आता सबब नाही चालायची."

मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता दुसरं काहीतरी सांगतील. पाठ धरलीय म्हणतील, पाहुणे येणार आहेत म्हणतील.

"सबब कशाला," हे म्हणाले. "फेरीत सगळ्यांच्या पुढे माझीच गाडी."

माझी माळ थांबली. मग पुन्हा सुरू केली.

पुढच्या रविवारी यवतेश्वरचा घाट चढून पठारावर जायचं, असं उदयनचं म्हणणं होतं. तिथे त्याच्या मित्राचं शेत होतं. साडेदहापर्यंत सगळ्यांनी पोचायचं. घाट अरुंद, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी, कठडा असला तर असला. लग्न झाल्यापासून मी तो घाट पाहतेय.

मग खाण्याचं निघालं आणि तिघंही रंगात आले. मिसळ करायची की नाही यावर वाद झाला. उदयन म्हणाला, मिसळ खाल्ली की परतीच्या वाटेवर माणसं झोपतात. मुजावर म्हणाले, झोपणाऱ्यांनी गाड्या ठेवूच नयेत, सायकली घ्याव्यात. ऑम्लेट नेहमीप्रमाणे मुजावर करणार होते. थालीपिठं कुणाकडून आणायची ते ठरलं. हे एकेक पदार्थ कागदावर उतरवत होते.

"जीपमध्ये शेगडी आणि भांडी जातील," उदयन म्हणाला. "म्हणजे मुलींना जागा नाही. दोघी अण्णांच्या गाडीत बसतील. आत्तापासून भांडताहेत खिडकीवरून."

उदयनला दोन मुली, रेवा आणि ईशानी. एक नऊ वर्षांची, एक सहा. उदयनच्या जीपला दारं नव्हती, म्हणून फेरीला मुली बहुतेक वेळा आमच्याच गाडीत असायच्या.

यांचं पेन थांबलं होतं.

मी पाहत होते. चष्म्याच्या वरून नजर सरळ समोर, कुठेच नाही. ओठ हलायला लागले. पेन कागदावरच टेकलेलं आणि हात हळूहळू खाली घसरतोय. माझ्या बोटांतून एक मणी सरला, दुसरा सरला. माझ्याच्याने ते थांबेना.

"चालेल ना, अण्णा?" उदयनने विचारलं.

हे गप्प. पाच. सहा.

"मौन काय सगळ्या घरानेच घेतलंय का," मुजावर हसत म्हणाले. "अध्यक्ष मनात घाट चढताहेत. लिही तू, मुली फियाटमध्ये." उदयनने आपल्या डायरीत लिहिलं.

दहा. अकरा.

"आणि थालीपिठाला लोणी घरचंच पाहिजे," हे म्हणाले, आणि पेन उचलून लिहायला लागले. दोघं मोठ्याने हसले. हेही हसले, का हसताहेत हे न कळता.

मी बसले होते तशीच होते. शब्द दिला होता, तो कंठाशी होता. नेम होता, तो जिभेवर होता. उदयनने डायरी मिटली आणि उठायला लागला. तो फाटकाबाहेर गेला असता तर ठरलेलं ठरलं असतं.

मी गोमुखी देवापुढे ठेवली आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात आले.

"उदयन," मी म्हटलं. "या खेपेचं ब्रंच आमच्याकडे."

माझा आवाज मोठा नव्हता. कधीच नसतो. पण तिघंही असे वळले, जणू भिंत बोलली. मुजावर तर उठूनच उभे राहिले.

"वहिनी, तुमचं मौन," ते म्हणाले.

"मोडलं."

उदयन माझ्याकडे आणि यांच्याकडे पाळीपाळीने बघत होता. शेताचं ठरलंय, मित्राला सांगितलंय, असं काहीतरी पुटपुटला. मग अवघडून म्हणाला, की काकू, लोकांना ऑम्लेट लागतं.

"अंगणात चूल मांडा. मुजावरांनी तिथे काय करायचं ते करावं. घरात आणू नये एवढंच."

हे माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत मी असं काही बोलले नव्हते, त्यांना ते कळत होतं. आणि मी का बोलले तेही कळायला लागलं होतं.

"घरी नाही जमायचं," हे म्हणाले. आवाज कोरडा होता. "चाळीस माणसं. हिची कंबर दुखते. घाटच बरा."

"कंबर बरी आहे," मी म्हटलं.

"अण्णा, आता काय बोलणार तुम्ही," मुजावर म्हणाले. "वहिनींनी 'माझ्याकडे' म्हटलं. नियम तुम्हीच केलाय. फियाट दारात उभी, हार मी आणतो."

यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठीक आहे," म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी दोघांना सोडायला फाटकापर्यंत गेले. उदयन हळूच म्हणाला, काकू, मुली रुसतील. मी म्हटलं, त्यांना मुजावरांच्या अॅम्बेसेडरमध्ये बसव, खिडक्या तिलाही आहेत. त्याला अजून काही विचारायचं होतं, पण माझा चेहरा पाहून त्याने जीप सुरू केली.

परत आले तेव्हा हे खुर्चीत बसले होते.

"शब्द दिला होतास तू मला."

"तो मोडला नाही. तुमच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही."

"म्हणून अकरा वर्षांचं मौन मोडलंस. छान." यांचा आवाज चढत नाही, खाली जातो, तसा तो गेला. "एक रविवार मिळवलास. पुढची फेरी आहे, त्याच्या पुढची आहे. दर फेरीला पंगती घालणार आहेस का?"

मी चहाचे कप ट्रेमध्ये गोळा केले.

"मला काही झालेलं नाही. दोन महिने गोळ्या गिळतोय. एकदा तरी मला जाणवलंय का काही? सगळं तूच बघतेस आणि तूच सांगतेस. डॉक्टरने काय पाहिलं? तू सांगितलंस ते." आणि वर म्हणाले, "तुला गाडी कधीच आवडली नाही."

ते खरं नव्हतं. पण ते बोलण्याची वेळ नव्हती.

"एक विचारू?" मी म्हटलं. "घाटात जायचं ठरलं होतं तेव्हा तुमच्या गाडीत कोण बसणार होतं?"

"कोण म्हणजे? आपण दोघं."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही."

"रेवा आणि ईशानी?"

"त्यांचं नावसुद्धा निघालं नाही." हे वैतागले होते. "मी समोर बसलो होतो. मला माहीत नाही आणि तुला देवघरात बसून माहीत?"

मी टेबलावरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. वर पदार्थ ओळीने लिहिलेले, अक्षर मोत्यासारखं. 'थालीपीठ' या शब्दाच्या शेवटून एक रेघ निघाली होती. ती तिरकी खाली येत, सगळ्या कागदावरून जाऊन, कडेवरून टेबलाच्या मेणकापडावर उतरली होती. 'लोणी' हा शब्द पुन्हा वरच, जागच्या जागी.

यांनी मेणकापडावर बोट फिरवलं. शाई अजून पुसली जात होती.

"हे मी?"

"उदयनने विचारलं, मुलींना तुमच्या गाडीत बसवू का. तुम्ही गप्प होतात. त्यांना वाटलं, चालतंय."

हे उठले आणि फोनपाशी गेले. माझा विश्वास नाही असं ते बोलले नाहीत, पण नंबर फिरवताना माझ्याकडे बघत होते. उदयनच्या बायकोने बहुधा त्याला बोलावून आणलं, कारण हे बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून उभे होते. मग हसऱ्या आवाजात म्हणाले, "अरे, मघाशी मुलींचं काय ठरलं होतं? माझ्या लिहिण्यात राहून गेलं."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. यांचं हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहिलं, कुणीतरी काढायचं विसरल्यासारखं. "हो हो," म्हणाले. "हो. समोरच होतो की." आणि रिसीव्हर ठेवला.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले.

"किती वेळ?"

"अकरा मणी."

"म्हणजे?"

"जप चालू होता माझा. अकरा मणी सरले."

त्यांनी मनात हिशेब केला. जन्मभर कालव्याच्या पाण्याचे वेग काढलेला माणूस. ओठ हलले, आणि त्या क्षणी मला धस्स झालं, पण डोळे जागेवर होते.

"अर्धा मिनिट. पंचवीसचा वेग धरला तरी दोनशे मीटर," ते म्हणाले. "यवतेश्वरला दोनशे मीटरमध्ये दोन वळणं येतात."

मग खुर्चीत बसले. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "त्याला मी सांगतो. तू नाही. मीच सांगतो. क्लबाला पण मीच सांगीन."

"कधी?"

"आज. दिवेलागणीच्या आत."

मी देवघरात गेले. माळ पहिल्यापासून धरली. नैवेद्याला त्या दिवशी एक वाजून गेला.

दुपार सरता सरेना. हे जेवले, पण किती ते मी पाहिलं नाही. आडवे झाले, या कुशीवरून त्या कुशीवर झाले. तीन वाजता उठले. चहा नको म्हणाले. मी तांदूळ निवडायला बसले, निवडलेलेच पुन्हा निवडत होते. आपण विचारायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं.

चारच्या सुमाराला मागच्या बाजूने फियाट सुरू झाल्याचा आवाज आला.

ताट हातातून कसं खाली ठेवलं मला आठवत नाही. मागच्या दाराशी गेले. शेडचं दार उघडं होतं. हे आत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मुजावरांनी काम चांगलं केलं होतं, इंजिन अगदी एका सुरात चालत होतं. गाडीचं तोंड फाटकाकडे. फाटक बंद होतं, पण त्याला नुसती कडी होती.

मी पायरीवर उभी राहिले. यांना मी दिसत होते. मी आडवी गेले नाही, हाकही मारली नाही. शब्द त्यांनी दिला होता, आता तो त्यांच्याकडे होता. माझ्या तोंडात फक्त नाम होतं, आणि तेही मोजत नव्हते.

किती वेळ गेला कोण जाणे. इंजिन बंद झालं.

हे उतरले. दार लोटून न देता हलक्या हाताने दाबून लावलं, जसं ते नेहमी लावायचे. आत येऊन हातपाय धुतले. कपाटातून इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, जो ते क्लबाच्या सभेला घालतात. बटणं लावताना वरचं एक बटण सापडेना तेव्हा मी पुढे झाले, तर म्हणाले, राहू दे, येतंय.

चपला घातल्या. फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मी ओट्यावर होते. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मला वाटलं, परत फिरताहेत.

"उदयनकडे पायी जायचं तर कुठून जवळ पडतं गं?" त्यांनी विचारलं. "मला मोटारीचाच रस्ता माहीत आहे."

मी सांगितलं, देवळाच्या मागून पायऱ्या आहेत, त्या उतरल्या की पिंपळापासून डावीकडे. दहा मिनिटांची वाट.

"देवळाच्या मागून," ते स्वतःशी म्हणाले, आणि फाटक ओढून घेऊन रस्त्याच्या कडेने चालू लागले.